जीडीपीच्या 45 पट गॅस असूनही तुर्कमेनिस्तान श्रीमंत का नाही

तुर्कमेनिस्तानबद्दलचा एक मजकूर अधूनमधून व्हॉट्सअॅपवर फिरत असतो. त्याचं सार असं: या देशाकडे जगातला चौथ्या क्रमांकाचा नैसर्गिक वायूचा साठा आहे. त्याची किंमत देशाच्या जीडीपीच्या 45 पट भरते. लोकसंख्या जेमतेम 70 लाख, म्हणजे दर माणशी तीन कोटींहून जास्त रुपये जमिनीत पुरलेले. शिवाय गॅस, वीज, पाणी सगळं फुकट, आणि तापी पाइपलाइन (तुर्कमेनिस्तानातून अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे भारतात येणारी नियोजित वायुवाहिनी) झाली की तोच गॅस आपल्याला स्वस्तात मिळणार.

साठ्याचा आकडा खरा आहे, हे आधी मान्य करतो. बीपी या ब्रिटिश तेल कंपनीच्या आकडेवारीत 2020 अखेर या देशाचा सिद्ध साठा 13,600 अब्ज घनमीटर नोंदला आहे. रशिया, इराण आणि कतार एवढे तीनच देश त्याच्या पुढे आहेत. हजार घनमीटरला 200 डॉलर भाव धरला तर 2,720 अब्ज डॉलर होतात, आणि जीडीपी 60 अब्ज धरला तर 45 पट. हिशेब बरोबर आहे, पण त्यातून काढलेला एकही निष्कर्ष टिकत नाही.

«45 पट म्हणजे अफाट श्रीमंती»

हाच हिशेब, याच भावाने, इतर देशांना लावून बघा. कतारचा साठा 24,700 अब्ज घनमीटर, म्हणजे जीडीपीच्या साधारण 23 पट. नॉर्वेचा साठा सुमारे 1,400 अब्ज घनमीटर. त्याची किंमत तिथल्या जीडीपीइतकीही होत नाही. अमेरिकेचं गुणोत्तर तर एक दशांशाच्याही खाली जातं. म्हणजे या मापाने तुर्कमेनिस्तान कतारच्या दुप्पट श्रीमंत ठरतो, आणि नॉर्वे व अमेरिका कंगाल ठरतात.

असं होतं कारण भागाकारात जीडीपी खाली आहे. तुर्कमेनिस्तानची अर्थव्यवस्था उद्या निम्म्यावर आली तर हेच गुणोत्तर 90 होईल, आणि मजकूर लिहिणारा म्हणेल की देश दुप्पट श्रीमंत झाला! मोठं गुणोत्तर एवढंच सांगतं की साठ्याच्या मानाने अर्थव्यवस्था फार लहान आहे. गावाकडच्या जमिनीची किंमत घरातल्या वर्षाच्या कमाईच्या 45 पट असली, तर त्यावरून घर सुखात आहे असं कुणी म्हणत नाही. कमाई किती तुटपुंजी आहे हेच आधी लक्षात येतं.

«दर माणशी तीन कोटी»

हे पैसे मिळणार कधी, हा प्रश्न मजकुरात येतच नाही. देशाचं उत्पादन वर्षाला 80 अब्ज घनमीटरच्या आसपास धरलं, तर साठा संपायला 170 वर्षं लागतील. पाच टक्के व्याजदराने बघितलं, तर शंभर वर्षांनी हाती येणाऱ्या डॉलरची आजची किंमत एक सेंटही भरत नाही. वर्षाला 80 अब्ज घनमीटर 200 डॉलरच्या भावाने विकले तर 16 अब्ज डॉलर येतील. या साऱ्या भविष्यातल्या उत्पन्नाचं आजचं मूल्य सुमारे 320 अब्ज होतं, 2,720 नव्हे. त्यातूनही विहिरी, शुद्धीकरण आणि वाहिन्यांचा खर्च जायचा आहे. शिवाय उत्पादनातला मोठा वाटा देशातच, निर्यातीच्या भावापेक्षा कितीतरी कमी दराने जळतो.

इथे अमेरिकेशी तुलना फार बोलकी आहे. अमेरिकेचा साठा 12,600 अब्ज घनमीटर, म्हणजे तुर्कमेनिस्तानपेक्षा थोडा कमीच. पण ती वर्षाला हजार अब्ज घनमीटरहून जास्त वायू काढते, बारा पटींहून अधिक. साठा जवळपास तेवढाच. फरक आहे तो वाहिन्यांच्या जाळ्याचा, भांडवलाचा, बंदरांचा आणि गिऱ्हाइकांचा.

«गॅस आहे म्हणजे पैसा आहे»

माझ्या मते सगळ्या मजकुरातली सर्वांत मोठी चूक हीच आहे. कतारला समुद्र आहे. वायू थंड करून द्रवरूपात जहाजात भरला की तो जपानला जातो, युरोपला जातो, गुजरातमधल्या आपल्या दहेज बंदरालाही येतो. तुर्कमेनिस्तानला किनारा आहे तो जमिनीने वेढलेल्या कॅस्पियन समुद्राचा, आणि तिथून द्रवरूप वायूची मोठी जहाजं खुल्या समुद्रात जाऊ शकत नाहीत. राहते ती पाइपलाइन. आणि पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाला एकच गिऱ्हाईक असलं की भाव तोच ठरवतो.

आधी ते गिऱ्हाईक रशिया होतं. एप्रिल 2009 मध्ये रशियाकडे जाणाऱ्या वाहिनीत स्फोट झाला. गॅझप्रॉम या रशियन सरकारी वायू कंपनीने पुरेशी सूचना न देता उचल कमी केल्यामुळे तो झाला, असा आरोप तुर्कमेनिस्तानच्या सरकारने केला. खरेदी आटत गेली आणि 2016 च्या सुरुवातीला गॅझप्रॉमने ती पूर्ण थांबवली. इराणकडेही वायू जात होता, पण थकबाकीच्या वादातून जानेवारी 2017 मध्ये तुर्कमेनिस्ताननेच पुरवठा बंद केला. उरला चीन. डिसेंबर 2009 मध्ये उझबेकिस्तान आणि कझाकस्तानमार्गे तिकडे जाणारी वाहिनी सुरू झाली होती, आणि मोठी वायूक्षेत्रं विकसित करायला चिनी सरकारी बँकेनेच अब्जावधी डॉलरचं कर्ज दिलं होतं. अनेक वर्षं विक्रीच्या पैशातला मोठा भाग त्या कर्जाच्या फेडीत गेला. अशा अवस्थेत बाजारभावाने काढलेली साठ्याची किंमत कागदावरच राहते.

«सगळं फुकट»

होतं. 1993 पासून वीज, गॅस, पाणी ठरावीक मर्यादेपर्यंत मोफत होतं. 1 जानेवारी 2019 पासून ती सवलत बंद झाली. याच काळात सरकारी दुकानांपुढे स्वस्त ब्रेडसाठी रांगा लागल्याच्या बातम्या येत राहिल्या, आणि कामासाठी तुर्कस्तानची वाट धरणाऱ्यांची संख्या मोठी होती. या लोकांना ‘तीन कोटींचे मालक’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

जीडीपीचा आकडाही कच्चा

60 अब्ज हा आकडा एका डॉलरला 3.5 ‘मनात’ (तिथलं चलन) या सरकारी विनिमय दरावर उभा आहे. हा दर 2015 पासून हललेला नाही, आणि काळ्या बाजारात डॉलरला त्याच्या पाच-सहा पट मनात मोजावे लागले आहेत. पुरेशी विश्वासार्ह माहिती नाही म्हणून जागतिक बँकेने या देशाची आर्थिक आकडेवारी छापणं थांबवलं. तेव्हा 45 या आकड्याचा छेदही भरवशाचा नाही.

«तापी झाली की स्वस्त गॅस»

तापीचा करार डिसेंबर 2010 मध्ये झाला. पाच वर्षांनी तुर्कमेनिस्तानातल्या मारी इथे पायाभरणी झाली, तेव्हा आपले उपराष्ट्रपती हमीद अन्सारी तिथे हजर होते. एकूण लांबी 1,814 किलोमीटर, वर्षाला 33 अब्ज घनमीटरची क्षमता, शेवटचं टोक पंजाबातलं फाजिल्का. सप्टेंबर 2024 मध्ये अफगाण सीमेपासून अफगाणिस्तानातल्या हेरात शहरापर्यंतच्या टप्प्याचं काम सुरू करण्याचा समारंभ झाला. तो टप्पा दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. हेरातपासून फाजिल्का आणखी चौदाशे किलोमीटरहून लांब आहे, आणि वाटेत अफगाणिस्तान व पाकिस्तान दोघांनाही वहनशुल्क द्यावं लागणार. तुर्कमेनी सीमेवर वायू कितीही स्वस्त मिळाला, तरी फाजिल्काला तो त्या भावाने पोचणार नाही.