पहिलं पान कुठंय?

परवा सकाळी कट्ट्यावर पेपर उघडला तर पहिल्या पानावर सोन्याचं दुकान. दुसरं पान एका फ्लॅटच्या स्कीमचं. तिसऱ्यावर पेपराचं नाव पुन्हा छापलेलं, म्हणजे खरं पहिलं पान ते. वकीलसाहेबांनी चहाला तोंड लावायच्या आधीच विचारलं, "अण्णा, पहिलं पान कुठंय?"

"विकलं," अण्णा पुरवण्या आत सारत म्हणाला. मान काही वर केली नाही.

आमचा कट्टा म्हणजे बसस्थानकासमोरचा ओटा. नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. अण्णा पेपरचा एजंट, पहाटे चारला गठ्ठे उतरवून घेणारा. मास्तर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मी पतसंस्थेतला. आणि प्रेस. त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. बारा-तेरा वर्षं तो एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होता, आता झेरॉक्सचं दुकान चालवतो, पण मोटरसायकलवरची 'प्रेस' ही लाल अक्षरं अजून पुसलेली नाहीत.

वकीलसाहेब तापलेलेच होते. "सगळं दोन-चार शेठजींच्या खिशात गेलंय, मास्तर. एनडीटीव्हीचं काय झालं बघा. 2009 साली मालक नवरा-बायकोनं आपल्या कंपनीवर चारशे कोटींचं बिनव्याजी कर्ज घेतलं. बिनव्याजी! कोण देतं हो बिनव्याजी? कागदात अट होती, कर्जाचे शेअर करून घेता येतील. तेरा वर्षं तो कागद पडून राहिला. ऑगस्ट 2022 मध्ये अदानींनी कर्ज देणारी ती कंपनीच विकत घेतली, अट वापरली आणि चॅनलमधल्या एकोणतीस टक्के हिश्श्यावर हक्क सांगितला. वर्ष सरायच्या आत त्यांचा हिस्सा पासष्ट टक्क्यांच्या घरात. तिथला निवेदक रवीश कुमारनं नोव्हेंबर संपता संपता राजीनामा दिला."

"म्हणजे गहाणखतच की," मी म्हटलं. पतसंस्थेत बसून माणसाला दुसरं काय सुचणार!

"तेच. त्याच्या आधी 2014 ला नेटवर्क अठरा हा चॅनलांचा गट अंबानींच्या रिलायन्सकडं गेला. मग अंबानींवरची बातमी कुठं बघायची? अदानींच्या चॅनलवर?"

मास्तर हसले. "बघा की. शेठजी शेठजींचं भांडण असलं की बातमी बरी मिळते. तुम्ही श्रीमंत मालक म्हटलं की लगेच नाक मुरडता. रामनाथ गोएंका कोण होते? गरीब होते? 31 ऑगस्ट 1981 ला त्यांच्याच इंडियन एक्सप्रेसनं मुख्यमंत्री अंतुल्यांचं सिमेंट बाहेर काढलं. बिल्डरांनी ट्रस्टला देणगी द्यायची आणि सिमेंटचा कोटा घ्यायचा. जानेवारीत मुख्यमंत्री घरी. मालकाच्या खिशात दम होता म्हणूनच पेपर टिकला ना? आमच्यासारख्यानं काढला असता तर दुसऱ्या दिवशी वीज तोडली असती."

"ते एक गोएंका. बाकीच्यांचं काय?"

"आणखी मागं जाऊ. 31 जानेवारी 1920. बाबासाहेबांचा मूकनायक. अडीच हजार रुपये कुणी दिले? शाहू महाराजांनी. राजाचा पैसाच तो. आणि त्याच मूकनायकाची जाहिरात केसरीकडं पैसे देऊन पाठवली, तर केसरीनं छापली नाही. बाबासाहेबांनी ते पुढं लिहून ठेवलंय. आता बोला वकीलसाहेब, तिथं पैसा आडवा आला का? पैसे तर समोर ठेवलेले होते."

यावर वकीलसाहेब गप्प झाले. मीही. पेपर फक्त पैशानं वाकतो असं मीही धरून चाललो होतो. मास्तरांनी जातीचा खिळा बरोबर ठोकला, आणि तो उपटायला कुणाकडं काही नव्हतं.

अण्णानं मध्येच तोंड घातलं. "तुमचं दिल्ली-मुंबई राहू द्या. पेपर पाच रुपयाला. त्यातलं माझं कमिशन, पोऱ्याचा पगार, गाडीचं भाडं. कागद आणि शाई तरी निघती का उरलेल्यात? महिन्याचं बिल तुम्ही दोन महिन्यांनी देता, ते बी रद्दीचे पैसे वजा करून. मग पेपर चालवतंय कोण? सोनाराचं दुकान. आता सोनारानं वजनात मारलं तर बातमी येईल व्हय?"

"आली होती का कधी?" वकीलसाहेबांनी प्रेसकडं बघितलं.

प्रेस तोवर बोललाच नव्हता. त्यानं बशीतला चहा संपवला.

"मला बारा वर्षांत एकदा बी कुणी फोन करून सांगितलं नाही की हे छापू नको. तुम्हाला वाटतं मालक फोन करतो, संपादकाला दम देतो. वर होत असंल. खाली तशी वेळच येत नाही."

"कामून?"

"कारण मला पगारच नव्हता. बातमीचं मानधन महिन्याला पेट्रोलला पुरायचं नाही. कमाई कशाची? जाहिरातीचं कमिशन. वर्धापनदिनाचा अंक, दिवाळी, 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, नेत्याचा वाढदिवस. प्रत्येकाचं टार्गेट यायचं जिल्हा कार्यालयातून. ठरलेल्या रकमेच्या जाहिराती आणायच्या, नाही आणल्या तर मानधनातून कापून. आता सांगा, तालुक्यात जाहिरात देणारे कोण? पंचायत समितीचा सभापती, दोन ठेकेदार, खताचे दुकानदार, कॉलेजचा संस्थाचालक, साखर कारखाना. आणि बातमी कुणाची करायची असती? ह्यांचीच! जिल्हा परिषदेच्या शाळेचं छत गळतंय, बांधलं त्या ठेकेदारानंच. त्याच्याकडंच मी आठवडा आधी अर्ध्या पानाचे पैसे मागून आलेलो. कोणत्या तोंडानं लिहू?"

"मग लिहिलं नाहीस?"

"लिहिलं. 'शाळेच्या दुरुस्तीची ग्रामस्थांची मागणी.' ठेकेदाराचं नाव नाही, किती पैसे उचलले ते नाही. बातमी आली म्हणायला आली. एक शब्द खोटा नव्हता त्यात."

हे तो अगदी सहज सांगत होता, उसाचा भाव सांगावा तसं. मला मात्र ती बातमी आठवली. आमच्या पतसंस्थेत कुणीतरी कापून भिंतीला लावली होती, कौतुकानं.

मास्तर म्हणाले, "मोठ्या पेपरात असं नसतं. तिथं जाहिरात विभाग वेगळा, बातमीचा वेगळा."

"वेगळा?" वकीलसाहेबांना मुद्दा सापडला. "मास्तर, 2009 ची विधानसभा विसरलात? आपल्याच जिल्ह्यातलं भोकर. अशोकराव चव्हाण मुख्यमंत्री. 'अशोक पर्व' म्हणून पानंच्या पानं यायची, रंगीत. अण्णा, तूच वाटलीस."

"वाटली. त्या दिवसांत रद्दी जड झाली होती."

"पत्रकार पी. साईनाथांनी द हिंदूमध्ये ते सगळं मांडलं. पूर्ण पानं मोजली, चाळीसच्या वर भरली. एकच मजकूर, शब्दानशब्द तोच, एकमेकांच्या स्पर्धेतल्या तीन मराठी दैनिकांत, आणि कुठंही 'जाहिरात' लिहिलेलं नाही. आणि निवडणूक खर्चात पेपरच्या जाहिरातींवर दाखवले किती? पाच हजार तीनशे एकोणऐंशी रुपये."

"पेपरवाले म्हणाले, आम्ही पैसे घेतलेच नाहीत," मास्तर.

"म्हणाले. अशोकरावही नाही म्हणाले. पुढं निवडणूक आयोगानं 2014 ला नोटीस काढली, दिल्ली हायकोर्टानं ती रद्द केली. म्हणजे कायद्यानं काही शाबीत नाही, ते मी वकील म्हणून सांगतो. पण खरी गंमत पुढंच. ह्या पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, पेपरांवर नजर ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलनं दोघांची समिती नेमली. त्यांनी 2010 मध्ये एकाहत्तर पानांचा अहवाल दिला, पेपरांची नावं घेऊन. कौन्सिलनं काय केलं? लहानसा, नावं गाळलेला अहवाल काढला आणि मोठा ठेवून दिला. पुढच्या वर्षी केंद्रीय माहिती आयोगानं सांगितलं तेव्हा तो बाहेर आला. पेपरांनी बातम्या कशा विकल्या त्याचा अहवालच दाबला!"

यावर अण्णा इतका हसला की पुरवण्यांचा गठ्ठा ओट्यावरून खाली गेला.

मास्तर हट्ट सोडणारे नव्हते. त्यांचं म्हणणं, सामना घ्या, कुणाचा ते नावासकट माहीत. वाचताना आपण तेवढं वजा करून वाचतो. लपवलेला कल वाईट, उघडा चालतो. मला ते अर्धंच पटलं. सामना घेणारा दुसरा पेपरही घेतो असं थोडंच आहे? अण्णाच्या यादीत दोन पेपर घेणारी घरं सगळी मिळून नऊ. त्यातलं एक मास्तरांचं.

मग बोलणं मोबाइलवर आलं. वकीलसाहेब प्रेसला म्हणाले, "आता तुला टार्गेट नाही, पुरवणी नाही. मोबाइल हातात आहे. कारखान्याचं मळीचं पाणी ओढ्याला सोडतात, तुमच्या विहिरीला वास येतो म्हणून तूच सांगतोस दर उन्हाळ्यात. काढ व्हिडिओ आणि टाक की."

प्रेसनं किल्ली खिशातून काढली. गाडीला दोन किक मारल्या, ती काही चालू झाली नाही.

"टाकला असता," तो म्हणाला. "दोन एकर ऊस उभाय माझा. तोड अजून आली नाही."