‘कोरडवाहू’ यांना, कॅमेऱ्याबद्दल

गेल्या आठवड्यात ‘माळ म्हणजे पडीक नव्हे’ हा सोलापूरजवळच्या नान्नजच्या, माळढोक पक्ष्यासाठी राखलेल्या अभयारण्यावरचा लेख इथे टाकला. त्यावर ‘कोरडवाहू’ असं नाव घेतलेल्या एका वाचकांनी लिहिलं ते असं:

“लेख वाचला. ८४९६ चौरस किलोमीटर हा आकडा जुना आहे, क्षेत्र कधीच कमी झालं. माळठोक दिसतच नाही तर नियोजन कुणाचं करताय? शेतकऱ्याने माळ राखायचा तर त्याला पैसे कोण देणार, यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही. विजेच्या तारांवरही नाही. शनिवार-रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणाऱ्यांनी आम्हाला नियोजन शिकवू नये.”

आधी जे बरोबर आहे ते मान्य करतो. आकडा चुकला. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा ते ८४९६ चौरस किलोमीटरचं होतं. २०१२ मध्ये ते १२२२ वर आलं. मी जुन्या वहीतून आकडा उचलला आणि पुढचा तपासला नाही. चूक माझी. पण लेखात मी म्हणत काय होतो? सोलापूर आणि त्या वेळचा नगर, दोन जिल्ह्यांवर मिळून एवढं मोठं वर्तुळ काढलं, त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, एसटी स्टँड आले, आणि प्रत्यक्ष वनखात्याच्या हातात होती त्यातली फारच थोडी जमीन. बाकी सगळे लोकांचे सातबारे. पाखरू लांब लांब फिरतं म्हणून रेघ लांब ओढली, पण रेघेच्या आत काय करायचं हे कुणी बसून ठरवलं नाही. आकडा दुरुस्त केल्यावर हे म्हणणं पडतं की उभं राहतं, ते तुम्हीच सांगा.

आता कॅमेरा.

‘काय बे, पाखरं बघायला पेट्रोल जाळतोस?’ असं माझे मित्रही म्हणतात. ते चालतं, कारण ते समोर बसून म्हणतात आणि चहाचे पैसेही देतात. तुम्ही टोपणनावाआडून, ओळख ना पाळख, मला ‘हिंडणारा’ ठरवून मोकळे झालात. ‘आम्हाला’ हा शब्द तर खासच. म्हणजे तुम्ही मातीतले आणि मी मॉलमधला!

साहेब, माझं बालपण बार्शी रस्त्याच्या आतल्या एका गावात गेलंय. आठ एकर कोरडवाहू. मालदांडी जोंधळा, थोडी तूर, पाऊस झाला तर भुईमूग. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ होता. १९८४ च्या पावसाळ्यात अण्णांनी मला बांधावर बसवून पहिल्यांदा हूम दाखवला. आमच्याकडे माळढोकाला हूमच म्हणायचे, त्याच्या आवाजावरून. नर गळ्याची पिशवी फुगवतो, शेपूट पाठीवर घेतो आणि घुमतो. रिकाम्या रांजणात कुणी हुंकार द्यावा तसं ऐकू येतं. मीटरभर उंचीचं ते पाखरू माझ्या छातीला आलं असतं. अण्णा म्हणाले, “हालू नको. त्याला लांबचं दिसतं.” तेव्हा माझ्या गळ्यात कॅमेरा नव्हता, पाटी-दप्तर होतं.

अण्णांनी त्या एका वाक्यात जे सांगितलं, ते मला पुढे पुस्तकं वाचून कळलं. माळढोकाला उघडं रान लागतं. मादी जमिनीवरच अंडं घालते, घरटं म्हणावं असं काही नसतं, आणि बहुतेक वेळा वर्षाला एकच अंडं. महिनाभर ती एकटी त्यावर बसते. कोल्हा, कुत्रा, माणूस लांबून दिसला तर तिला उठून वाट चुकवता येते. त्या माळावर झाडांच्या रांगा उभ्या केल्या की तिची नजर अडते आणि ससाण्या-कावळ्यांना बसायला जागा होते. म्हणून मी लिहिलं की माळाला झाड नको. अवर्षण प्रवण क्षेत्र कार्यक्रमातून नान्नजला माळाचे तुकडे राखले गेले, तिथे गवत वाढलं, त्याचा माळढोकाला फायदाच झाला. पण त्याच भागात गिरिपुष्पाच्या झाडांच्या रांगाही लागल्या, आणि नंतर त्या काढायची वेळ आली. लावायलाही पैसे आणि काढायलाही पैसे. पुढे राज्यभर कोट्यवधी रोपांच्या मोहिमा निघाल्या; २०१९ चं लक्ष्य तर ३३ कोटींचं होतं. मोकळा माळ दिसला की खड्डा खणायचा, कारण कागदोपत्री तो ‘पडीक’. त्यावर लांडगा राहतो, काळवीट राहतं, धाविक आणि पखुर्डी अंडी घालतात, मेंढरं चरतात, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

हे मी शनिवारी शिकलो की मंगळवारी, याने काय फरक पडतो?

आणि ‘आम्हाला’ म्हणाल, तर माझ्या थोरल्या चुलत्यांची गोष्ट ऐका. मुलीच्या लग्नासाठी त्यांना दोन एकर विकायची होती. गिऱ्हाईक ठरलं, इसार झाला, आणि मग ‘तुमचं गाव अभयारण्यात येतं’ म्हणून कचेरीच्या फेऱ्या सुरू झाल्या. कुणी लेखी नाही म्हणेना, कुणी हो म्हणेना. दोन वर्षं गेली. गिऱ्हाईक गेलं. लग्न कर्ज काढून झालं. त्यानंतर त्यांच्यासमोर माळढोकाचं नाव काढायची सोय नव्हती. एकदा मी फोटो दाखवायला गेलो तर म्हणाले, “हे पाखरू माझ्या दोन एकरांवर बसलंय, उठव आधी.” ते आता नाहीत. तेव्हा शेतकऱ्याला काय भोगावं लागलं हे मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही. मी ते घरात बघितलंय.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो, म्हणजे मी स्वतःला फार धुतल्या तांदळासारखा समजतो असं वाटायला नको. वीसेक वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, फोटोच्या नादात मी आणि एक मित्र मोटरसायकलवरून एका मादीच्या मागे बरंच अंतर गेलो. ती चालत राहिली, मग उडाली. तिथे अंडं होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. रखवालदाराने आम्हाला हाकललं आणि बरंच सुनावलं. त्याचं बरोबर होतं. त्यानंतर मी पावसाळ्यात गवतात पाय ठेवलेला नाही. पण हा मुद्दा वेगळा आहे, आणि तुम्ही तो मांडलेलाही नाही.

आणखी एक. लेखातल्या द्राक्षाच्या उल्लेखावरून मी बागाईतदारांच्या विरोधात आहे, असा तुमचा समज झालेला दिसतो. तसं तुम्ही लिहिलं नाहीत, पण सूर तोच आहे. नान्नजचं नाव दोन गोष्टींनी झालं. एक माळढोक, आणि दुसरं म्हणजे नानासाहेब काळे यांनी तिथल्या बागेत निवडलेलं ‘सोनाका’ द्राक्ष. मला दोन्हींचा सारखाच अभिमान आहे. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, शेततळी आली; ज्याच्या रानात पाणी येतं तो जोंधळा कशाला लावेल? माझ्याही भावाने लावला नाही. माझं म्हणणं एवढंच की माळढोक गवतात अंडं घालतो आणि जोंधळ्या-भुईमुगाच्या रानात चरतो. नाकतोडे, भुंगे, सरडे, बोरं, शेंगा, जे मिळेल ते. म्हणजे नियोजन करायचं तर राखलेल्या गवताच्या तुकड्याभोवतीची कोरडवाहू शेती त्यात धरावी लागते. कुठल्या गटात, कुठल्या महिन्यांत, काय पेरलं जातं, मेंढरं कधी येतात, हे गावात बसून ठरवावं लागतं. दोन जिल्ह्यांभोवती रेघ ओढण्यापेक्षा हे काम किचकट आहे. तेच मी लिहिलं होतं. नीट वाचलं असतंत तर दिसलं असतं.

राहिले तुमचे बाकीचे मुद्दे.

पाखरू दिसत नाही हे खरं. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरले असतील, त्यातले बहुतेक राजस्थानात. पण जैसलमेरला २०१९ पासून रानातली अंडी आणून पिल्लं वाढवताहेत. ती पिल्लं उद्या सोडायची म्हटली तर जागा लागेल की नाही? उडताना माळढोक विजेच्या तारांवर आदळून मरतात; त्या तारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा आदेश आहे, २०२४ मध्ये तो बदललाही गेला. तो मुख्यतः राजस्थान-गुजरातचा विषय आहे. इथे नको.

पैसे कोण देणार, हा प्रश्न मोठा आहे. त्यावर स्वतंत्र लेख लिहीन. सवड मिळाली की.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही, तशी माझी पद्धत नाही. फक्त पुढच्या वेळी ‘माळढोक’ लिहा, ‘माळठोक’ नव्हे. ज्या पाखरावरून एवढं तोडून बोललात, त्याचं नाव तरी नीट असू द्या.

ता. क. मूळ लेखातला आकडा आज सकाळी दुरुस्त केला. चुलत्यांची हकीकत त्यात आधी नव्हती, ती घालावी का याचा विचार करतोय. तुमचं गाव कुठलं ते कळवलंत तर बरं होईल. मार्डी-अकोलेकाटीकडचे असाल तर आपल्यात कुणीतरी ओळखीचं निघेलच.