‘लक्षच नसतं त्याचं’ म्हणण्याआधी

डोळे तपासले, नंबर नाही. कान तपासले, ऐकू नीट येतं. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे. मग पालकसभेत पुढचं वाक्य ठरलेलं: “बाई, हा मुद्दाम करतो. तुम्ही जरा धाक दाखवा.”

मी पहिली-दुसरीला शिकवते, आणि या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. डोळे-कान ठीक असूनही काही मुलांना आवाज, स्पर्श, जोर यांतला बारीक फरकच नीट ओळखता येत नाही.

आवाज ऐकू येणं वेगळं आणि दोन आवाजांतला फरक कळणं वेगळं. किती हळू आवाजापर्यंत ऐकू येतं, एवढंच साध्या ऑडिओमेट्रीत, म्हणजे कानाच्या नेहमीच्या तपासणीत कळतं. ‘दार’ की ‘धार’, ‘गाव’ की ‘घाव’, ‘पाट’ की ‘पाठ’, हे मेंदूने नेमकं टिपलं का, ते त्या तपासणीत येत नाही. मराठीत तर अशा जोड्या पावलोपावली आहेत. “घरी सगळं येतं हो त्याला,” असं आई सांगते तेव्हा ती खरंच बोलत असते. घरी ती समोर बसून, शांतपणे, तोंडाकडे बघू देत शब्द सांगते. वर्गात डोक्यावर पंखा खडखडत असतो, शेजारच्या वर्गात पाढे चाललेले असतात. त्या गोंगाटात हा फरक बुडतो आणि श्रुतलेखनाच्या वहीवर लाल शेरे पडतात.

अक्षरांचंही तसंच. घ-ध, भ-म, प-ष अशा दिसायला सारख्या अक्षरांत पहिलीतली बहुतेक मुलं गोंधळतात. त्याची काळजी नको. दुसरी संपत आली, सराव झाला, तरी गोंधळ तसाच आहे आणि सोबत आणखी खुणा आहेत, तर मात्र थांबून बघायला हवं.

त्या ‘आणखी खुणा’ स्पर्शाच्या आणि स्नायूंच्या असतात, आणि नेमक्या याच आपल्याला ठाऊक नसतात. दप्तरात हात घातला की खोडरबर कुठलं आणि शार्पनर कुठलं, हे तुमच्या-माझ्या बोटांना न बघता कळतं. काही मुलांना दप्तर जमिनीवर उपडं केल्याशिवाय वस्तू सापडत नाही. शर्टाचं गळ्याजवळचं बटण, जे डोळ्यांना दिसत नाही, तेच नेमकं लागत नाही. जेवल्यावर गालाला भात तसाच असतो, चप्पल उलटसुलट घातलेली असते, आणि मुलाला ते जाणवलेलंच नसतं.

जोराचा अंदाज हा सगळ्यात गैरसमज होणारा भाग. स्नायू आणि सांधे सतत मेंदूला कळवत असतात की हात कुठे आहे, किती जोर लागतोय. तो निरोपच धूसर असेल तर पेन्सिलीचं टोक मोडतं, वहीला भोक पडतं, कागदी कप हातातच चुरगळतो. याच मुलाने लपाछपीत दिलेला धप्पा गुद्द्यासारखा लागतो. मग तो ‘मारकुटा’ ठरतो आणि कुणी त्याला खेळायला घेत नाही. अक्षर सुधारेल हळूहळू, पण सात वर्षांच्या पोराला चिकटलेला ‘मारकुटा’ हा शिक्का लवकर निघत नाही. मला सर्वांत जास्त त्रास याचाच होतो. पट्टी मारून बोटांना अंदाज येत नसतो. शिवाय 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने ती बंदच केलेली आहे.

आतल्या संवेदनांचंही असंच असतं. भूक, शू, पोटातला मुरडा, सगळ्याला एकच उत्तर: “पोट दुखतंय.”

कॅलिफोर्नियातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार देणाऱ्या) जीन आयर्स यांनी 1970 च्या दशकात, मेंदू संवेदना कशा जुळवतो या विषयाची पायाभरणी केली. पुढे 2007 मध्ये ल्यूसी मिलर आणि सहकाऱ्यांनी संवेदनांमधला फरक न ओळखता येणं हा वेगळा गट मांडला. पण हेही स्पष्ट सांगायला हवं की 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसोपचारातल्या निदानांच्या अमेरिकी नियमावलीत, हे स्वतंत्र निदान म्हणून नाही, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्येच सांगितलं होतं की संवेदनांच्या अडचणींचं असं स्वतंत्र निदान करू नये. याच खुणांमागे अध्ययन अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), अवधानाची अडचण किंवा वारंवार कान फुटणंही असू शकतं. म्हणून एका भेटीत नाव चिकटवून महागडं पॅकेज विकणाऱ्यांपासून लांब राहा. मला निदानाच्या नावाचा आग्रह नाही. मुलाला काय जमत नाही ते आपण नीट बघावं, एवढाच आग्रह आहे.

बघायला फार काही लागत नाही. डाळीच्या डब्यात बटण, शेंगदाणा आणि नाणं लपवा, डोळे मिटून ओळखायला सांगा. 20 रुपयांच्या नाण्याला बारा कडा आहेत, 10 चं गोल आहे, ते बोटांना कळतं का बघा. तांब्यातून पेल्यात पाणी ओतायला द्या, कणीक मळायला घ्या. यावरून निदान होत नाही, पण खेळ म्हणून रोज करावं असं हे आहे, आणि मूल कुठे अडतं ते दिसतं.

मोठ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आधी सगळं कळत होतं आणि आता हातापायांना कळेनासं झालं, विशेषतः मधुमेह असताना चप्पल पायातून निसटलेली कळली नाही, तर घरगुती खेळ करत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. शाळेत किंवा अंगणवाडीत येणारं तपासणी पथक तिथे पाठवू शकतं. जाताना नुसतं ‘लक्ष नसतं’ असं सांगू नका. काय अडतं, कधी अडतं, गोंगाटात जास्त की शांततेतही, बघून जमतं पण न बघता नाही असं काही आहे का, हे आधी आठवडाभर वहीत लिहून ठेवा आणि ती वही सोबत न्या. वर्गातल्या नोंदी बाईंकडून मागून घ्या, आम्ही देतो.