युद्धकाळातला केक आणि ‘एकास एक’ बदलीचा तक्ता

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश गृहिणींच्या नावाने एक तक्ता सगळीकडे फिरतोय. अंड्याऐवजी टेबलस्पूनभर व्हिनेगर आणि टीस्पूनभर खाण्याचा सोडा, लोण्याऐवजी तेवढीच लार्ड (डुकराची चरबी), साखरेऐवजी तेवढाच मध किंवा सॅकरिन (कृत्रिम गोडी आणणारा पदार्थ), आणि ‘पीठच मिळत नव्हतं म्हणून बटाटा’. टंचाई खरी होती, पण तक्त्यातली मापं बरोबर नाहीत.

आधी व्हिनेगर-सोडा, कारण सर्वात जास्त केक यानेच बिघडतात. ५ टक्क्यांच्या १५ मिली व्हिनेगरमधलं आम्ल जेमतेम १ ग्रॅम सोडा संपवतं, म्हणजे पाव टीस्पूनही नाही. अख्ख्या टीस्पूनमध्ये जवळपास ५ ग्रॅम असतो. उरलेल्याचं ओव्हनच्या उष्णतेने धुण्याच्या सोड्यात रूपांतर होतं, केक आतून पिवळट पडतो आणि साबणासारखा लागतो. माप सुधारलं तरी मिळतो फक्त वायू. अंडं भाजताना घट्ट होऊन तो वायू धरून ठेवतं, ते व्हिनेगरला कुठून जमणार? तीन-चार अंड्यांच्या स्पंजमध्ये ही बदली केलीत तर केक आधी छान फुगतो आणि बाहेर काढला की मधोमध बसतो.

त्या काळची बिनअंड्याची कृती मुळातच वेगळी बेतलेली असे: १७० ग्रॅम सेल्फ-रेझिंग पीठ (आधीच बेकिंग पावडर मिसळलेला मैदा), १ सपाट टीस्पून बेकिंग पावडर, ७० ग्रॅम मार्जरीन (लोण्यासारखं वनस्पती तेलाचं वगैरे बनवलेलं स्निग्ध), ५५ ग्रॅम साखर, १ टेबलस्पून गोल्डन सिरप (साखरेचा घट्ट सोनेरी पाक), १४० मिली दूध. मार्जरीन, साखर आणि सिरप हलकं होईपर्यंत फेटायचं, मग पीठ आणि दूध आलटून पालटून घालायचं. १८ सेंमीच्या दोन टिनांत, १९० अंशांवर साधारण २० मिनिटं.

शिवाय अंडी अजिबात नव्हती असंही नाही. मोठ्या माणसाला रेशनवर आठवड्याला एक, तेही मिळालं तर. आणि १९४२ पासून अमेरिकेहून आलेली अंड्याची पावडर. १ सपाट टेबलस्पून पावडर आणि २ टेबलस्पून पाणी म्हणजे एक अंडं. चूक व्हायची ती शिगोशीग चमच्याने: केक कोरडा आणि रबरासारखा. पाणी थोडं थोडं घालून गुठळ्या मोडायच्या आणि मिश्रण लगेच वापरायचं. पावडरीचा फेस ताज्या अंड्याइतका धरत नाही, त्यामुळे फुगवण्याचं काम बेकिंग पावडरवरच सोडायचं.

लार्ड शंभर टक्के चरबी. लोण्यात ती सुमारे ८० टक्के, बाकी बहुतेक पाणी. १०० ग्रॅम लोण्याला ८० ग्रॅम लार्ड, १ टेबलस्पून पाणी आणि चिमूटभर मीठ. पेस्ट्रीला उत्तम, फेटून करायच्या केकला नाही, कारण लार्डमध्ये हवा नीट धरली जात नाही. मार्जरीन मात्र खुशाल तेवढंच घ्या.

१०० ग्रॅम साखरेला ७५ ग्रॅम मध, कृतीतलं द्रव टेबलस्पूनभर कमी, ओव्हन १५ अंश खाली. मध लवकर करपतो. सॅकरिन नुसतं गोड करतं. फेटताना हवा धरणं, केक मऊ ठेवणं, रंग आणणं यांपैकी काहीच त्याच्याकडून होत नाही. (तक्त्यावरच्या केकला पांढरंशुभ्र आयसिंग आहे. ब्रिटनमध्ये १९४० सालीच केकवर साखरेचं आयसिंग करायला बंदी आली होती!)

राहिलं पीठ. युद्ध चालू असताना ब्रिटनमध्ये पावावर रेशन नव्हतंच. ते आलं जुलै १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर. १९४२ पासून पांढऱ्या मैद्याच्या जागी ८५ टक्के उताऱ्याचं (म्हणजे १०० किलो गव्हातून ८५ किलो पीठ काढलेलं), कोंड्याचा अंश असलेलं पीठ आलं. ते पाणी जास्त पितं, म्हणून मिश्रण जरा सैल ठेवून दहा मिनिटं थांबायचं. बटाटा पिठाच्या जोडीला यायचा: स्कोनसाठी (छोट्या, गोल, पावासारख्या केकसाठी) १७० ग्रॅम पिठाला ११० ग्रॅम कुस्करलेला बटाटा. बटाट्यात ग्लूटेन (गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) नाही आणि तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच आहे, त्यामुळे नुसत्या बटाट्याचा गचका होतो. उकडल्यावर पाणी पूर्ण निथळू द्या, गरम असतानाच दूध न घालता कुस्करा, आणि पीठ मळताना दूध चमच्या-चमच्याने घाला.