‘एकही गोळी न झाडता’ धाराशिव मुक्त झाले का?

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या शुभेच्छांबरोबर एक मजकूर घरोघरच्या मोबाईलवर फिरू लागतो. त्यात चार गोष्टी ठामपणे सांगितलेल्या असतात. निझामाच्या हैदराबाद संस्थानावर भारताने केलेली 1948 ची कारवाई पोलिसांनी केली, म्हणून ती ‘पोलिस ॲक्शन’. धाराशिव 17 सप्टेंबरला एकही गोळी न झाडता मुक्त झाले. त्या काळात मारले गेले ते सगळे रझाकार, म्हणजे निझामाच्या बाजूने लढणारे सशस्त्र स्वयंसेवक, होते. आणि पकडलेल्या सर्व युद्धकैद्यांना सरकारने पाकिस्तानात सोडून दिले. ज्या जिल्ह्यात या लढाईला तोंड फुटले, त्याच जिल्ह्यातली माणसे हा मजकूर पुढे पाठवतात याचे मला मनापासून वाईट वाटते, म्हणून एकेका विधानाचा विचार येथे करतो.

नावाचा प्रश्न लवकर सुटतो. सैन्याच्या दप्तरी या मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’ होते. ती सदर्न कमांडच्या लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी यांच्या अधिपत्याखाली झाली आणि सोलापूरकडून निघालेल्या मुख्य फौजेचे नेतृत्व मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्याकडे होते. या फौजेत रणगाडे होते, तोफा होत्या आणि मदतीला विमाने होती. हैदराबादने 21 ऑगस्ट 1948 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती, आणि हा देशांतर्गत कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे ही भारताची भूमिका होती. त्यामुळे ‘युद्ध’ हा शब्द टाळून ‘पोलिस ॲक्शन’ हा शब्द वापरला गेला. आपल्याकडची जुनी माणसे ‘ॲक्शनच्या साली जन्मलो’ असे म्हणत, ते याच शब्दावरून.

‘एकही गोळी न झाडता’ हे विधान मात्र सर्वांत जास्त अन्याय करणारे आहे. 13 सप्टेंबरच्या पहाटे पहिली लढाई नळदुर्गला झाली. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचा बोरी नदीवरील पूल उडवला गेला असता, तर पावसाळ्यातल्या त्या नदीवर संपूर्ण चिलखती दल अडकून पडले असते. हैदराबादच्या बाजूने तीच योजना होती आणि तो पूल उडवण्याचे काम एका ब्रिटिश भाडोत्री अधिकाऱ्यावर सोपवलेले होते. स्फोटके भरलेल्या जीपसह तो वाटेतच पकडला गेला आणि पूल शाबूत हाती आला. नळदुर्गच्या पाणीमहालावरून बोरीचे पावसाळी पाणी कोसळताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तो एक पूल वाचण्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. त्याच दिवशी लोहाऱ्याकडे निघालेली तुकडी नदीला पूर आल्यामुळे थांबली होती.

तुळजापूरला त्याच पहाटे पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीची एक तुकडी आणि सुमारे 200 रझाकार दोन तास लढले आणि मग शरण आले. उमरग्यातला प्रतिकार दुपारनंतर मोडून काढावा लागला. खुद्द धाराशिव, म्हणजे तेव्हाचे उस्मानाबाद, 14 सप्टेंबरपर्यंत ताब्यात आले, आणि तेही गल्लीबोळांतून रझाकारांशी झालेल्या जोरदार चकमकींनंतर. निझामाने युद्धबंदी जाहीर केली ती 17 तारखेला, आणि हैदराबादचे सेनापती मेजर जनरल अल-इद्रूस यांनी औपचारिक शरणागती पत्करली ती 18 तारखेला. मुक्तिदिन 17 सप्टेंबरचा आहे तो संपूर्ण संस्थानाचा म्हणून, आणि तो तसाच असावा. पण आपल्या गावच्या लढाईची तारीख त्यात पुसली जाऊ नये.

तिसऱ्या विधानाबद्दल लिहिताना हात जड होतो, तरी लिहिले पाहिजे. रझाकारांनी या भागातल्या गावांवर केलेले अत्याचार खरे आहेत, आणि त्यांच्या भीतीने माणसे घरदार सोडून बार्शी-सोलापूरकडे गेली हेही खरे आहे. पण शरणागतीच्या सुमारास आणि नंतर ज्यांच्या हाती शस्त्र नव्हते अशी मुसलमान माणसेही मोठ्या संख्येने मारली गेली. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले आहे. त्या सगळ्यांना रझाकार म्हणणे म्हणजे मेलेल्या माणसावर खोटा आळ घेणे आहे.

राहिला कैद्यांचा प्रश्न. येथे मजकूर लिहिणाऱ्याने निरनिराळी माणसे एकाच दावणीला बांधली आहेत. हैदराबादचे नियमित लष्कर वेगळे; मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनची स्वयंसेवक संघटना असलेले रझाकार वेगळे; आणि पिढ्यान्‌पिढ्या निझामाच्या चाकरीत असलेले अरब वेगळे. बहुतेक ठिकाणी उद्धृत होणाऱ्या आकडेवारीतही हैदराबाद लष्कराचे 1,647 युद्धकैदी आणि पकडलेले 1,911 रझाकार असे दोन स्वतंत्र आकडे दिलेले असतात. युद्धकैद्यांना कसे वागवावे हे ठरवणारा 1929 चा जिनिव्हा करार दोन राष्ट्रांमधल्या युद्धासाठी होता, आणि अंतर्गत संघर्षात पकडलेल्यांना किमान संरक्षण देणारे कलम 1949 च्या करारात आले. म्हणजे ‘युद्धकैदी’ हा शब्द सैनिकांसाठी वापरला गेला तरी रझाकारांच्या बाबतीत मार्ग स्थानबद्धतेचा, चौकशीचा आणि खटल्याचा होता. अरबांपैकी अनेकांना परके ठरवून अरबस्तानातल्या एडन बंदराकडे रवाना केले गेले, आणि एडन म्हणजे पाकिस्तान नव्हे.

मग पाकिस्तानची गोष्ट आली कोठून? हैदराबाद संस्थानाचे पंतप्रधान लायक अली 1950 मध्ये नजरकैदेतून निसटून तेथे पोहोचले. त्यांना कोणी सोडले नव्हते. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्याला अटक झाली, बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात शिक्षा झाली, ती त्याने तुरुंगात भोगली, आणि 1957 मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला. कारवाईनंतर नऊ वर्षांनी, शिक्षा भोगून गेलेल्या या एका माणसाचा प्रवास त्या मजकुराने हजारो कैद्यांच्या नावावर चढवला आहे.