आउटसाइड स्पिन देऊनही बॉल जाड का जातो? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

प्रतिक्रिया तिखट आहे, पण तक्रार नेमकी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पूलमध्ये कट शॉटला (ऑब्जेक्ट बॉल, म्हणजे पाडायचा बॉल, तिरका कापताना) क्यू बॉलला, म्हणजे स्टिकने मारायच्या पांढऱ्या बॉलला, आउटसाइड स्पिन, म्हणजे कटाच्या उलट बाजूची साइड, दिला की थ्रो कमी होतो, असं मी लिहिलं होतं. थ्रो म्हणजे टकरीत बॉल एकमेकांवर घासल्याने ऑब्जेक्ट बॉलचं दोघांच्या मध्यरेषेपासून थोडं ढळणं. तुम्ही लांबून, जोरात मारून पाहिलंत, तर ऑब्जेक्ट बॉल उलट जाडच गेला, म्हणजे हवा त्यापेक्षा कमी कापला गेला. तेव्हा ‘ही सगळी कागदावरची थिअरी’, असा तुमचा निकाल.

बॉल जाड गेला असणारच, त्यात वाद नाही. पण त्याचं खापर थ्रोवर फोडू नका. डावीकडचा कट घ्या, म्हणजे ऑब्जेक्ट बॉल डावीकडे न्यायचाय. इथे आउटसाइड म्हणजे उजवी साइड. टिप (स्टिकचं टोक) क्यू बॉलच्या उजवीकडे लागली की क्यू बॉल स्टिकच्या रेषेत न जाता किंचित डावीकडे ढकलला जातो. हा स्क्वर्ट. आणि ऑब्जेक्ट बॉलचा मध्य त्या रेषेच्या डावीकडेच असतो, म्हणजे टक्कर ठरवल्यापेक्षा जाड होणार. स्क्वर्ट फक्त दीड अंशाचा धरला तरी 1 मीटरवर 26 मिमीचा फरक पडतो, जवळजवळ अर्धा बॉल! हळू मारलं असतं तर स्वर्व्हने, म्हणजे स्पिनमुळे वाट वळल्याने, क्यू बॉल थोडा परत उजवीकडे वळला असता. जोरात मारल्यावर त्याला तेवढा वेळच मिळत नाही.

थ्रो वेगळा काढून बघायचा असेल तर स्क्वर्टला वावच ठेवू नका. दोन्ही बॉल एकमेकांना चिकटवून ठेवा, त्यांची मध्यरेषा समोरच्या कुशनवरच्या (टेबलाच्या कडेवरच्या) एका डायमंडकडे, म्हणजे खुणेकडे, धरा आणि स्टिक त्या रेषेच्या साधारण 30 अंश उजवीकडे रोखून हळू मारा. मध्यावर मारलंत तर बॉल डायमंडच्या उजवीकडे लागेल. हा शुद्ध थ्रो. आता थोडी उजवी साइड द्या, बॉल डायमंडकडे सरकेल.

‘थोडी’ म्हणजे किती, इथेच बहुतेकांचं बिनसतं. 30 अंशांच्या कटला, म्हणजे हाफ-बॉलला, दोन्ही बॉल एकमेकांवर न घासता दातेरी चाकांसारखे फिरावेत यासाठी टिप मध्यापासून 5 ते 6 मिमी बाजूला लागली की पुरते. बॉलचा व्यास 57 मिमी आहे हे लक्षात घ्या. जाता जाता क्यू बॉलचा वेग उतरतो, साइड मात्र बरीचशी टिकते, त्यामुळे लांबच्या हळू शॉटला त्याहूनही कमी लागते. त्यापुढे गेलात की घर्षण उलट दिशेला काम करतं आणि बॉल पातळ कटतो, म्हणजे जास्त कापला जातो.

‘मग इनसाइडने (कटाच्याच बाजूच्या स्पिनने) थ्रो दुप्पट व्हायला हवा’, हा तुमचा टोमणा. नाही होत. बॉल एकमेकांवर जितके जोरात घासतात तितकी त्यांची पकड कमी होते. म्हणून तर थ्रोचा खरा त्रास हळू मारलेल्या स्टन शॉटला होतो, म्हणजे क्यू बॉल पुढे-मागे न फिरता नुसता घसरत येऊन आदळतो तेव्हा.

राहिला तुमचा लो-डिफ्लेक्शन शाफ्ट, म्हणजे स्क्वर्ट कमी व्हावा म्हणून बनवलेला स्टिकचा पुढचा भाग. टिपकडचं टोक हलकं असल्याने त्याचा स्क्वर्ट कमी असतो, शून्य नसतो. लांबच्या जोरदार कटला मी तरी पोझिशनची (पुढच्या शॉटसाठी क्यू बॉल जागेवर आणायची) गरज नसेल तर साइड लावत नाही, आणि प्रत्येक कटला लावा असं लेखातही म्हटलेलं नाही.

चिकटवलेल्या बॉलवरही उजव्या साइडने उत्तर जाडच आलं, तर दोन्ही बॉल पुसून पुन्हा मारा. चॉकचा (टिपला लावायच्या खडूचा) ठिपका नेमका टकरीच्या जागी आला की थ्रो एकदम वाढतो.