आल्याच्या रसावर आमवाताची गोळी सोडू नका

मावशीचा फोन आला तेव्हा तिच्या बोटांचे सांधे सुजून टम्म झाले होते. सकाळी तासभर मूठ वळत नव्हती. आमवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी तिने महिनाभर घेतलीच नव्हती. कारण व्हॉट्सॲपवरचा निरोप: 'रोज आल्याचा रस प्या, सांधेदुखीच्या सगळ्या गोळ्या फेकून द्या. त्यातलं जिंजेरॉल पेनकिलरचंच काम करतं. नैसर्गिक आहे, अपाय शून्य. आलं ताजंच हवं, सुंठ निरुपयोगी.'

मला संताप आला तो 'गोळ्या फेकून द्या'चा. आमवातात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उलटते. सूज धुमसत राहिली की कूर्चा आणि हाड कुरतडलं जातं, आणि गेलेलं हाड भरून येत नाही. मावशीची गोळी मेथोट्रेक्सेटची. ती या मूळ आजाराला आवर घालते आणि तिचा गुण यायलाच काही आठवडे लागतात. आल्याने ही झीज थांबते याला पुरावा नाही. उद्या रसाने ठणका थोडा कमी वाटला, तरी आतलं कुरतडणं चालूच राहील. अशा माणसाला गोळी सोडायला सांगणं म्हणजे त्याचे हात कायमचे वाकडे करणं आहे.

जिंजेरॉलचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. आयबुप्रोफेनसारखं पेनकिलर सूज आणि दुखणं वाढवणाऱ्या ज्या कॉक्स एन्झाइमला अडवतं, त्यालाच जिंजेरॉलही प्रयोगशाळेत अडवतं. माणसांवरही तपासून झालंय. 2001 साली गुडघ्याची झीज झालेल्या सुमारे 250 रुग्णांवरचा सहा आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आल्याचा अर्क घेणाऱ्यांपैकी 63 टक्क्यांचं उभं राहतानाचं दुखणं कमी झालं. आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी? 50 टक्क्यांचं! फरक आहे, पण बेताचा. शिवाय तो शुद्ध केलेला, ठरावीक मात्रेचा अर्क होता, त्यात आल्याच्याच कुळातलं कुलिंजनही होतं. आजारही वेगळा, आमवात नव्हे.

'अपाय शून्य' तर त्याच अभ्यासात खोटं ठरलं. अर्क घेणाऱ्यांना पोटाच्या तक्रारी जास्त झाल्या. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर जास्त मात्रेत आलं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सुंठीचं तर उलटंच आहे. आलं वाळताना जिंजेरॉलपासून शोगाओल बनतं, आणि सूज रोखण्याच्या चाचण्यांत तेही चांगलं जोरकस ठरलं आहे.

डॉक्टरांना विचारून मावशीची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. ज्या मैत्रिणीने तिला तो निरोप पाठवला, तिलाही आमवातच आहे. आज तिला फोन करतेय.